पंप बदलला म्हणजे काय बदलले? : दम्याच्या औषधांतील चिन्हे आणि रुग्णाचा अन्वय

नागपुरातील दम्याचा रुग्ण जेव्हा 'मेडिकलमध्ये पंप बदलून दिला' असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्यातून निदान दोन अर्थ निघतात. 'मेडिकल' हे औषधाच्या दुकानाचे नाव महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. नागपुरात ते 1947 साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचेही नाव आहे, जसे 'मेयो' हे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचे. संदर्भावरून श्रोता बहुधा योग्य अर्थ घेतो. परंतु येथे संदिग्धता केवळ कोशकाराच्या कुतूहलाची नाही. सरकारी रुग्णालयात पंप बदलतो तो सामान्यतः खरेदीच्या निविदेनुसार उत्पादक बदलल्यामुळे. दुकानात बदलतो तो साठा संपल्यामुळे किंवा दुकानदाराच्या सोयीमुळे. वस्तुतः 1945 च्या औषध नियमांतील 65 व्या नियमानुसार, चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या बाबतीत, लिहिलेल्या तयारीऐवजी दुसरी तयारी देण्यास मनाई आहे. आतील द्रव्य तेच असले तरीही. व्यवहारात हा नियम किती पाळला जातो हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

बदल कोठेही झालेला असो, त्याचे कारण रुग्णास क्वचितच सांगितले जाते. मग तो स्वतःच अर्थ लावू लागतो. त्याच्यापुढे असतात ती केवळ चिन्हे : वेष्टनाचा रंग, नाव, आकडा, फवाऱ्याचा आवाज, घशाला होणारा स्पर्श, जिभेवरची चव. चिन्हक बदलले की चिन्हितही बदलले असावे, हे त्याचे अनुमान भाषिक व्यवहाराच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे. दुर्दैवाने औषधांच्या क्षेत्रात ते वारंवार खोटे ठरते, आणि त्याची किंमत श्वासाने मोजावी लागते.

प्रथम 'पंप' हा शब्दच घेऊ. मराठीत तो सायकलच्या, विहिरीवरच्या आणि पेट्रोलच्या पंपावरून आला. या सर्वांत समान अर्थघटक एकच, तो म्हणजे जोराने ढकलणे. त्यामुळे दम्याच्या पंपाची परीक्षाही जोरावरून होते. मोजून मात्रा देणारा पहिला पंप अमेरिकेत 1956 साली बाजारात आला. तेव्हापासून सुमारे चार दशके अशा पंपांत औषध बाहेर ढकलण्याचे काम क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे सी.एफ.सी. वायू करीत होते. हा फवारा थंडगार असे आणि घशावर जोराने आदळे. ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी 1987 साली माँट्रियल येथे करार झाला. भारत त्यात 1992 साली सामील झाला. भारतात या वायूंचे सर्वसाधारण उपयोगासाठीचे उत्पादन 2008 साली थांबले. दम्याच्या पंपांना पुढे काही वर्षांची सवलत मिळाली. त्यानंतर पंपांत एच.एफ.ए. वर्गातील वायू आले. यांचा फवारा मऊ आणि कमी थंड असतो, चवही निराळी लागते. सॅल्ब्युटॅमॉल तेच, मात्रा तीच, नावही तेच. पण हातातील 'पंप' जणू ढकलीनासा झाला. 'याला पूर्वीसारखा जोर नाही' हे उद्गार या शब्दार्थातूनच निघतात. वेष्टनावर आलेली 'सी.एफ.सी.-मुक्त' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे काय नाही एवढेच सांगत होती. औषध तेवढेच आहे, हे सांगणारे वाक्य रुग्णाच्या भाषेत कोठे होते?

तथापि रुग्णाचे म्हणणे सर्वस्वी भ्रामक मानणे हाही उतावळेपणा होईल. नव्या वायूच्या पंपाचे तोंड औषधाच्या कणांनी लवकर चोंदते. त्याचा प्लास्टिकचा भाग धातूची कुपी काढून आठवड्यातून एकदा धुवावा लागतो. न धुतल्यास फवारा खरोखरच क्षीण होतो. शिवाय कुपी पाण्यात टाकून, ती बुडते की तरंगते यावरून शिल्लक औषध ओळखण्याची जुनी युक्ती येथे विश्वासार्ह नाही, आणि पाण्याने छिद्र बंद होण्याचा धोका निराळाच. म्हणजे 'जोर नाही' या एकाच वाक्याचे दोन निर्देश्य आहेत : एक फवाऱ्याचा नवा, निर्दोष मऊपणा, दुसरा चोंदलेल्या तोंडाचा खरा दोष. पंप प्रत्यक्ष पाहिल्यावाचून या दोहोंत भेद करता येत नाही.

आकड्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. सामान्य समजुतीत आकडा हे सर्वांत निःसंदिग्ध चिन्ह होय. पण सॅल्ब्युटॅमॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते, तर लेव्होसॅल्ब्युटॅमॉलच्या फवाऱ्यात 50. पहिले द्रव्य परस्परांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांचे समभाग मिश्रण आहे. दुसऱ्यात त्यांपैकी कार्यकारी रूप तेवढे घेतलेले असते. यास्तव येथे निम्मा आकडा म्हणजे निम्मी शक्ती नव्हे. हे न कळल्यामुळे फवारे मनानेच दुप्पट करणारा रुग्ण तर्काने चुकत नाही, तो माहितीअभावी चुकतो.

नागपूरहून अमेरिकेस मुलाकडे गेलेल्या आईची स्थिती आणखी चमत्कारिक होते. तेथे सॅल्ब्युटॅमॉलचे नाव अल्ब्युटेरॉल, आणि वेष्टनावर 100 ऐवजी 90. येथे मापकातून सुटणारी मात्रा लिहिण्याची रीत, तेथे पंपाच्या तोंडातून बाहेर पडणारी. ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांच्या संयुक्त पंपाचेही असेच : एका गणनेने 200 व 6, दुसऱ्या गणनेने 160 व 4.5. नाव वेगळे, आकडा वेगळा, वस्तू तीच.

याच्या उलट उदाहरण बेक्लोमेथासोनचे. त्याच्या काही नव्या तयारींत कण इतके सूक्ष्म असतात की, लेबलावर आकडा तोच असूनही परिणाम जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून ब्रिटनच्या औषधनियामक संस्थेने 2008 साली हे औषध व्यापारी नावानेच लिहावे, असा सल्ला दिला. भारतात 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी औषधे मूळ नावाने लिहावीत असा नियम प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. त्या वादात किंमत आणि दर्जा यांची चर्चा पुष्कळ झाली. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधात नाव हे द्रव्याचेच नव्हे, तर उपकरणाचेही असते, या मुद्द्याला तितकेच महत्त्व मिळावयास हवे होते.

उपकरण बदलले की क्रियापदही बदलावे लागते, आणि नेमके तेथे मराठीचा व्यवहार अपुरा पडतो. आपण गोळी घेतो, सुई घेतो, श्वास घेतो आणि पंपही घेतो. 'रोज दोनदा घ्या' या सूचनेत कृतीचे वर्णनच नाही. पंपाचा फवारा हळू व खोल ओढावयाचा असतो. कोरड्या भुकटीच्या उपकरणातून मात्र श्वास जोराने ओढावा लागतो. भुकटी कॅप्सूलमध्ये असेल तर 'कॅप्सूल घ्या' हे वाक्य ऐकून ती गिळणाऱ्यास दोष कसा द्यावा? ही चूक मराठी भाषकांपुरती नाही. श्वासावाटे घ्यावयाच्या कॅप्सूल गिळल्या जात असल्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 साली जाहीर इशारा दिला होता.

रुग्णाच्या तक्रारीचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. 'औषध लागू पडत नाही', 'गुण येत नाही' या रचनांत कर्तृपद औषधाकडे किंवा गुणाकडे असते. घेणाऱ्याची कृती वाक्यात येतच नाही. साहजिकच उत्तरादाखल औषध बदलले जाते, कृती तपासली जात नाही. त्यातून घडते ते असे : रोज घ्यावयाचा प्रतिबंधक पंप 'लागत नाही' म्हणून सुटतो आणि तात्काळ आराम देणाऱ्या पंपाचे फवारे वाढत जातात. आजार बळावत असल्याचे हे लक्षण वैद्यकाला सुपरिचित आहे. पण रुग्णाच्या बोलण्यात ते 'जुना पंप चांगला होता' एवढ्याच रूपाने प्रकट होते. 'पंप घेता का?' या प्रश्नास 'घेतो' हेच उत्तर मिळणार. 'घेऊन दाखवा' या विनंतीस मात्र शब्दांनी उत्तर देता येत नाही.

पुढील बदल फार दूर नाही. एच.एफ.ए. वायू ओझोनला अपाय करीत नाहीत, परंतु उष्णता धरून ठेवण्यात ते कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पटींनी प्रभावी आहेत. 2016 च्या किगाली दुरुस्तीनुसार त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी व्हावयाचा असून भारताने ती 2021 साली मान्य केली आहे. या गटातील देशांसाठी कपातीचा आरंभ 2032 पासून आहे. तेव्हा पंपांतील वायू पुन्हा बदलेल, आणि त्यासोबत कदाचित चव, स्पर्श व आवाजही. वेष्टनावर तेव्हा कोणती अक्षरे येतील ते उत्पादक ठरवतील. 'औषध तेच, मात्रा तीच. फवारा मऊ लागेल, तोंड दर आठवड्यास धुवा' एवढा मजकूर मराठीत सुबोधपणे बसतो, आणि तो छापण्यास त्या डबीवर जागाही पुरते.