बागेतल्या ट्रॅक्टरची कातडी

बुरशीवर फवारायचे बोर्डो मिश्रण कालवून झाले की जाणते बागायतदार त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना हे १ टक्क्याचे प्रमाण सगळ्यांना पाठ असते, पण चुना जुना निघाला की ते फसते. पात्यावर दिसतो तो थर तांब्याचा. मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि त्याच्या बदल्यात लोखंड पाण्यात विरघळते. शाळेत निळ्या पाण्यात खिळा टाकून हाच प्रयोग आपण केलेला असतो.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत हा प्रयोग छोट्या ट्रॅक्टरवर दर हंगामात होत असतो. नऊ-दहा फुटांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर अडचणीचा, म्हणून इथे १५ ते २५ अश्वशक्तीचे बुटके ट्रॅक्टर चालतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू झाल्या की पीटीओच्या फिरत्या दांड्यावर फवारणीचा ब्लोअर जोडून हे यंत्र स्वतःच उडवलेल्या धुक्यात दिवस काढते. चुना बरोबर पडला तर मिश्रण लोखंडाला फारसे छळत नाही, पण प्रत्येक टाकी बरोबर जमतेच असे नाही. आठ-दहा वर्षांत मडगार्डची आतली बाजू, रिम, बॅटरीचा ट्रे आणि मागच्या लिंकेजचे सांधे पोखरले जातात. बॉनेटला ऊन खाते. हात फिरवला तर तळव्याला लाल भुकटी लागते.

आणि तरीही इंजिन एका सेल्फला सुरू होते. अशा ट्रॅक्टरकडे पाहून ‘चालतोय ना, मग रंग कशाला?’ असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. फवारणीच्या यंत्राला रंग ही कातडी आहे. ती गेली की पत्रा उघडा पडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो रंगाखाली शिरला की फुगवटा येतो आणि शेजारचा चांगला रंगही उचलला जातो. नखाएवढा डाग दोन हंगामांत तळहाताएवढा होतो तो असा.

या कामाला योग्य वेळ एकच: माल उतरल्यानंतर आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधी. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंग धरत नाही, छाटणीनंतर ट्रॅक्टर मोकळा नसतो. मार्चमध्ये दुपारी धुळीचा वारा सुटतो, म्हणून हात सकाळीच मारायचा.

पोळ्याला बैलाची शिंगे आधी साळतात, मग रंगवतात. ट्रॅक्टरचेही तसेच, आणि खरे कष्ट साळण्यातच आहेत. आधी बॅटरी काढावी. ट्रेवरच्या आम्लाला खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे. डायनॅमो, स्टार्टर आणि एअर क्लीनरच्या तोंडावर प्लास्टिक बांधावे. इंजिन-गिअरबॉक्सवरचा तेलामातीचा थर खरवडून डिझेलच्या ब्रशने काढावा, पण तिथे थांबू नये. डिझेलचा तवंग उरला तर त्यावर रंग टिकत नाही, म्हणून साबणाच्या पाण्याने पुन्हा धुणे आलेच. प्लास्टिक सोडून, बॅटरी परत जोडून धुतलेले इंजिन अर्धा तास चालवून पाहावे. गळती कुठून आहे ते स्वच्छ लोखंडावर लगेच दिसते. ते सील आत्ताच बदलावे.

यानंतर बॉनेट नीट पाहावे. रंग नुसताच पांढुरका पडला असेल तर ते रंगवूच नये. रबिंग कंपाउंडने घासले की वरची मेलेली पापुद्री निघते आणि खालचा मूळ लाल वर येतो. कारखान्यात भट्टीत भाजलेल्या त्या रंगाची पकड गल्लीतल्या स्प्रे-गनने येत नाही.

जिथे पत्रा उघडा पडला आहे तिथे तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर. खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी रस्ट कन्व्हर्टर मिळतो. काहींत फॉस्फोरिक आम्ल असते, काहींत टॅनिन. टॅनिन गंजाशी मिळून काळसर, टिकाऊ थर बनवते. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी काळी शाई करत, तिच्यातली किमया हीच. मग प्रायमर, तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात ओघळतो आणि आतून कच्चा राहतो. डाग लहान असला तरी रंग पत्र्याच्या सांध्यापर्यंत न्यावा, कारण उन्हाने विटलेल्या लालावर नव्या लालाचे ठिगळ लांबून ओळखू येते. सायलेन्सरला साधा इनॅमल चालत नाही, करपतो. त्याला उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंग लागतो. हार्डनर मिसळायच्या पीयू रंगाची वाफ फुफ्फुसांना घातक असते. नाकाला रुमाल बांधून ते काम करणारी पोरे पाहिली की जीव कळवळतो. योग्य मास्क आणि मोकळी हवा नसेल तर साधा इनॅमल बरा.

काही जागा मुद्दाम टाळायच्या. रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग बसला तर उष्णता अडते. ग्रीसचे निप्पल बुजले तर सांधा कोरडा मरतो. रबरी होज, पट्टे, हायड्रॉलिकचा चकाकता दांडा, ब्रीदरचे भोक यांवर कागद चिकटवावा. चासी नंबरची पट्टी तर जिवापाड जपावी. नंबर बुजला की विकताना आणि कागदपत्रे करताना अडतो.

लांबी भरून पोचे सपाट करण्याच्या मी विरोधात आहे. हादरणाऱ्या पत्र्यावर जाड लांबी तडकते, फटीत फवारणीचे पाणी साचते आणि गंज झाकल्या जागी वाढत राहतो. जुन्या बाजारात विकायला काढलेला ट्रॅक्टर गुळगुळीत दिसला तर खिशात लोहचुंबक घेऊन जावे. जाड लांबीवर ते पत्र्यासारखे घट्ट चिकटत नाही.

आमच्या ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डला मांडवाच्या अँगलने पडलेला पोचा आहे. त्याला आतून-बाहेरून प्रायमर दिला, दोन हात लाल दिला आणि पोचा तसाच ठेवला. फूटबोर्डवर बुटांनी घासून जिथे लोखंड चांदीसारखे झाले आहे, तिथे रंग लावला नाही, नुसते तेलाचे फडके फिरवले. रंग हाताला वाळलेला वाटला तरी आठ दिवस त्याच्यावर औषध पडू दिले नाही. आता ब्लोअर सुटला की टाकीच्या आधी ट्रॅक्टर धुतला जातो, खालून वर, मडगार्डच्या आतल्या बाजूपासून.