सातबारा वाचता येतो, हेही लिहा

मुलगा किंवा मुलगी लॉला आहे असे सांगितले, की लग्नाच्या मांडवात बसलेले मामू-चाचा पहिला प्रश्न विचारतात, "क्रिमिनल की सिव्हिल?" या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे, हे आपल्या बहुतेक घरांत ठाऊकच नसते. मुंबईत फोर्ट, नरिमन पॉइंट, लोअर परळ या भागांत मोठ्या लॉ फर्म आहेत. तिथल्या अनेक वकिलांना महिनोन्‌महिने कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. एक कंपनी दुसरीला विकत घेते, बँक कारखान्याला कर्ज देते, बिल्डर जमीन घेतो, परदेशी गुंतवणूकदार इथे पैसा लावतो. या प्रत्येक व्यवहाराचे कागद कोणीतरी तपासायचे आणि लिहायचे असतात. ते काम या फर्मचे. सिरिल अमरचंद मंगलदास, खेतान अँड कंपनी, एझेडबी, त्रिलीगल ही त्यांतली आजची मोठी नावे. क्रॉफर्ड बेली, वाडिया घांदी, मुल्ला अँड मुल्ला ही जुनी.

हे क्षेत्र आपल्याला परके आहे असेही नाही. बद्रुद्दीन तय्यबजींचे नाव सगळ्यांना माहीत आहे. ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन १८६७ मध्ये परतले आणि मुंबई हायकोर्टात उभे राहिले. पण त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन त्यांच्याही आधी, १८५८ मध्ये, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले होते, आणि असे होणारे ते पहिले हिंदी गृहस्थ मानले जातात. कोर्टात बोलणारा भाऊ प्रसिद्ध झाला, ऑफिसात बसून कागद करणारा विस्मरणात गेला. आपल्या समाजाची वकिलीकडे पाहण्याची नजर आजही साधारण तशीच आहे.

या फर्मचा दरवाजा इंटर्नशिपमधून उघडतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान १२ आठवडे इंटर्नशिप करायलाच हवी. बहुतेक मुले हे आठवडे ओळखीच्या वकिलाकडे जाऊन 'भरून' काढतात. सुरुवातीला त्यात वाईट काही नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात जे दिसते ते मुंबईच्या काचेच्या इमारतीत दिसत नाही. पण पाचही वर्षे तेच करून शेवटच्या वर्षी मोठ्या फर्मला अर्ज पाठवला, तर त्यात दाखवायला काही राहत नाही. मोठ्या फर्म सहसा वरच्या वर्गातली मुले घेतात. तिथे चांगले काम केलेल्यांना पुढे नोकरीसाठीही बोलावले जाते. म्हणून पहिली दोन वर्षे जिल्हा न्यायालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, एखादी छोटी फर्म आणि त्यानंतर मोठी, असा क्रम ठेवावा. आणि तारखा सांभाळाव्यात. उन्हाळ्याच्या सुटीतल्या जागा कित्येक महिने आधी भरतात. मे महिन्यासाठी एप्रिलमध्ये अर्ज करणाऱ्याला बहुधा उत्तरही येत नाही. फर्मच्या वेबसाइटवर करिअरचे पान असते. अर्ज तिथल्या फॉर्मवर मागितला असेल तर तिथेच भरावा, कोणाच्या तरी ईमेलवर पाठवू नये.

आता अर्जाकडे येऊ. आपल्याकडचा बायोडेटा हा अजून लग्नाच्या स्थळासारखा असतो: वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद वाचन आणि प्रवास. यातले काहीही फर्मने मागितलेले नसते. काढून टाका. फोटोही मागितला नसेल तर लावू नका. नाव पाहून अर्ज बाजूला पडतो का, ही शंका आपल्या घरांत आहे आणि ती बिनबुडाची आहे असे मी म्हणणार नाही. पण उत्तर न येण्यामागे नेमके काय आहे ते बाहेरून कळत नाही. वीस अर्जांना एकही उत्तर नाही, हा अनुभव सगळ्याच जातिधर्मांची मुले सांगतात. शंकेपायी एकविसावा अर्ज न पाठवणे हे मात्र आपल्याच हातून होते.

बायोडेटासोबत एक पानाचे पत्र जाते. खरी निवड त्यावर होते असे मला वाटते, कारण मार्क सगळ्यांचे चांगलेच असतात. "मी मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्यास उत्सुक आहे" हे वाक्य प्रत्येक पत्रात असते. आता तर कम्प्युटरच्या मदतीने लिहिलेली पत्रे इतकी गुळगुळीत झाली आहेत, की दहा ओळींत माणूस कुठे दिसतच नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा. याच फर्ममध्ये, याच विभागात का यायचे आहे? आजवर स्वतःच्या हाताने काय केले? आणि फर्मच्या कोणत्या कामी येऊ शकता? 'दिवाळखोरी कायद्यात रस आहे' असे लिहिणाऱ्यापेक्षा, २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखालील एखादा निकाल वाचून त्यातला कोणता मुद्दा पटला नाही हे दोन ओळींत लिहिणारा लक्षात राहतो. मुलाखतीला बोलावले तर त्याच दोन ओळींवर प्रश्न येतात, म्हणून न वाचलेल्या निकालाचे नाव घेऊ नये. शेवटी पत्र मोठ्याने वाचून पाहा. पंचवीस ठिकाणी एकच पत्र पाठवताना एका फर्मच्या पत्रात दुसऱ्याच फर्मचे नाव राहून जाते, आणि तो अर्ज तिथेच संपतो.

तिसऱ्या मुद्द्यावर आपली मराठी आणि उर्दू माध्यमाची मुले नेहमी गप्प बसतात. इंग्रजी कच्चे आहे या न्यूनगंडात आपल्याकडे काय आहे हे त्यांना दिसत नाही. इंग्रजी सुधारावेच लागेल, त्याला पर्याय नाही. रोज एका निकालाची दोन पाने वाचून त्यांचा गोषवारा स्वतःच्या शब्दांत लिहिला, तर वर्षभरात फरक दिसतो. पण महाराष्ट्रात जमीन घ्यायची असेल तर फर्मला आधी टायटल तपासावे लागते, आणि त्यासाठी साधारण तीस वर्षांचे कागद काढले जातात: सातबारा, आठ-अ, फेरफार, इंडेक्स टू, शहरात प्रॉपर्टी कार्ड. हे सगळे मराठीत, जुने असेल तर तलाठ्याच्या हस्ताक्षरात. दिल्ली-कोलकात्याहून आलेला इंटर्न तिथे हात टेकतो. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे, कुळाचे नाव आहे, 'भोगवटादार वर्ग २' लिहिले आहे किंवा कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा आहे, म्हणजे विक्रीला अटी आहेत, हे महाडच्या किंवा मालेगावच्या मुलीला घरातल्या जमिनीमुळे आधीच माहीत असते. मग ती हे अर्जात का लिहीत नाही? 'मराठी महसुली कागद वाचून इंग्रजीत गोषवारा करू शकते' ही ओळ बायोडेटात छंदांच्या जागी यायला हवी.

आणखी एक उदाहरण. जुन्या मोहल्ल्यातले घर विकायला निघाले आहे. मालक मरहूम, प्रॉपर्टी कार्डावर तीन मुलगे. फर्ममधला कोणी विचारतो, "कागद पुरे आहेत ना?" ज्याला वारसाहक्क माहीत आहे तो विचारील, "बहिणी किती? आई हयात आहे का?" मुलेबाळे असताना विधवेचा आठवा हिस्सा असतो आणि मुलीचा मुलाच्या निम्मा. त्यांच्या सह्या नसतील तर खरेदीदार उद्या अडचणीत येतो. बहिणींची नावे कागदावरून कशी गळतात हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. (जाता जाता: मुल्ला अँड मुल्ला या नावाने फसू नका. त्या घराण्यातले सर दिनशा मुल्ला पारशी होते, आणि मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे पुस्तक आजही वकिलांच्या कपाटात असते.)

अब्बू-अम्मींसाठी थोडे. महिनाभर मुंबईत राहण्याचा खर्च हा या वाटेवरचा खरा अडसर आहे. काही फर्म विद्यावेतन देतात, काही देत नाहीत, ते आधी विचारण्यात कमीपणा नाही. मुंब्रा, कुर्ला, मीरा रोडला कोणी ना कोणी नातलग असतोच, आणि कोकणातल्या काही गावांच्या जमातींच्या मुंबईत खोल्या आहेत. लग्नात जेवणाचा एक पदार्थ कमी केला, तरी हा महिना निघतो. मुलीला घरी यायला उशीर होईल, कारण या ऑफिसांत काम संध्याकाळी सहाला संपत नाही. त्यावर उपाय मुलीला परत बोलावणे हा नाही. राहण्याची जागा ऑफिसपासून जवळ पाहावी, परतीची सोय पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी. स्कार्फ किंवा जुम्याच्या नमाजबद्दल अर्जात लिहायची गरज नाही. निवड झाल्यावर, ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्यांना एका वाक्यात सांगावे आणि शुक्रवारचा तो वेळ काम करून भरून द्यावा.

व्याजाचा प्रश्नही निघतो: बँकेच्या कर्जाचे कागद करणे कसे? हा प्रश्न ज्यांच्या इल्मवर तुमचा विश्वास आहे त्यांना विचारावा. फर्ममध्ये बँकिंग हा एक विभाग असतो. लवाद, ट्रेडमार्क, कामगार कायदा, जमीन-मालमत्ता असे इतर विभागही असतात. कुठे जायचे ते अर्जातच लिहिता येते.

ज्यांना मोठ्या फर्मचा रस्ता सध्या लांबचा वाटतो त्यांच्यासाठी मुंबईत आणखी एक जुनी वाट आहे: सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप आणि त्यानंतर बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा. परीक्षा कठीण आहे, फार थोडे एका दमात उत्तीर्ण होतात. पण मसुदे करण्याचा असा सराव दुसरीकडे मिळत नाही, आणि फोर्टमधल्या जुन्या फर्म सॉलिसिटर या पदवीचा आजही मान ठेवतात.

इंटर्नशिप मिळाली तर रोज काय केले ते वहीत लिहून ठेवा, मात्र अशिलाचे नाव किंवा व्यवहाराचा तपशील त्यात नको आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. शेवटच्या दिवशी फर्मच्या लेटरहेडवर, तारखांसह, सर्टिफिकेट मागून घ्या. कॉलेज आठवडे त्यावरूनच मोजते.