हिरवी मिरची : आमच्या तव्यावरची आणि जगाच्या

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. पाचव्या शतकात येथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती आणि अजिंठ्याच्या लेण्यांच्या इतिहासात ज्याचे नाव येते तो हरिषेण राजा याच शाखेतला. त्याच्या मुदपाकखान्यात काय काय रांधले जात असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी. परंतु एक जिन्नस तेथे नव्हता हे आम्ही खात्रीने सांगू शकतो, आणि तो म्हणजे मिरची. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लासा’त पाककृती दिल्या, त्यांतही तिखटपणाचे काम मिऱ्याकडेच आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचल्यावर ती युरोपास कळली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागली. मिऱ्यासारखी तिखट म्हणून आपण तिला मिरची म्हटले. वऱ्हाडातल्या कोणा म्हाताऱ्यास ठेचा हा परदेशी पदार्थ आहे असे सांगून पाहावे. तो ताटावरून उठायचा!

जगात पुष्कळ ठिकाणी मिरची गरिबाच्या ताटात गेली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मेक्सिकोत मक्याची पोळी, थायलंडात व इंडोनेशियात भात, भूतानात तांबडा भात, आमच्याकडे ज्वारीची भाकरी. रोज तेच ते धान्य, आणि तेही बेचव. ते घशाखाली उतरावे म्हणून चवीला काहीतरी झणझणीत हवे. चार मिरच्या, लसणाच्या दोन पाकळ्या आणि मीठ एवढ्यावर शेतावरची न्याहारी आटोपणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आम्हांस या न्याहारीचे कौतुक वाटते, पण कौतुकाने पोट भरत नाही. मिरची भाकरीची चव वाढवते, भाकरीत जे कमी आहे ते सारे भरून काढीत नाही. मेक्सिकोच्या शेतकऱ्याने मिरचीला घेवड्याच्या दाण्यांची जोड दिली, भूतानी माणसाने चीजची. तिकडचा ‘एमा दात्शी’ म्हणजे शब्दशः मिरची आणि चीज; त्या देशात मिरची हा मसाला नसून भाजीच आहे. आमच्या बायकांनीही हे ओळखले होते. ठेच्यात शेंगदाणे टाकतात, ताटात तुरीचे वरण नाही तर बेसनाचा झुणका असतो, ते केवळ चवीसाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. हंगेरीतल्या सेगेद गावी सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने तिकडच्या तांबड्या ढोबळ्या मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले, आणि १९३७ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. वजनास वजन घेतले तर ताज्या हिरव्या मिरचीत हे जीवनसत्त्व संत्र्याहून अधिक भरते. धान्यडाळींतले लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्व मदत करते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. तेव्हा ही बाब क्षुल्लक नाही. अर्थात मिरची कोणी शंभर ग्रॅम खात नाही आणि शिजवली की हे जीवनसत्त्व बरेचसे नाहीसे होते. म्हणून मिरचीस औषध समजू नये. तरी वरणभाकरीबरोबर कच्ची मिरची, वर लिंबाची फोड, ही आजीची पद्धत शास्त्रास धरून आहे एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता तिखटपणाविषयी. आपल्या पूर्वजांनी तिखटास सहा रसांत बसवले. आजचे शास्त्र त्यास चव मानीतच नाही. मिरचीतले कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकावर बसते तो मुळात उष्णता ओळखणारा आहे. सुमारे ४३ अंशांवरची ऊब लागली की तो जागा होतो. १९९७ साली डेव्हिड जूलियस यांनी तो शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे तोंड ‘भाजते’ म्हणतो ते अगदी बरोबर, फक्त भाजलेले काही नसते! हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाही. ताक किंवा दूध घ्यावे. पुष्कळांची समजूत अशी की तिखटपणा बियांत असतो. वस्तुतः तो बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत तयार होतो. मुलांसाठी भाजी करायची तर ती शीर काढावी.

आता रांधण्याकडे येऊ. ठेचा करताना मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परततात आणि लसूण, जिरे, मीठ घालून तेथेच तांब्याच्या बुडाने ठेचतात. चीनमधल्या सेचुआन प्रांतात हाच डाग मुद्दाम पाडतात, त्यास वाघाच्या कातड्याची उपमा देतात आणि वर सोया व व्हिनेगर शिंपडतात. मेक्सिकोत पोब्लानो नावाची मोठी मिरची जाळावर भाजून थोडा वेळ झाकून ठेवतात, वाफेने साल सुटते, ती सोलून आत चीज भरतात. आमच्या वांग्याच्या भरताची आणि भरल्या मिरचीची आठवण व्हावी अशीच कृती. परंतु ठेच्याची खरी सख्खी बहीण येमेनमध्ये आहे. ‘झुग’ म्हणून जी चटणी तिकडे करतात तीत हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, जिरे आणि मीठ. वेलदोडा तेवढा वेगळा. पारंपरिक पद्धत दगडावर वाटण्याची. वाशीमच्या कोणत्याही घरी ती अर्ध्या घटकेत होईल.

मिक्सरबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. त्यात ठेच्याचा लगदा होतो, प्रत्येक घास सारखाच तिखट लागतो. ठेचलेल्या मिरचीत एक घास सौम्य, दुसरा डोळ्यांत पाणी आणणारा. त्यातच मजा आहे. मेक्सिकोच्या दगडी खलातला ‘साल्सा’ आणि इंडोनेशियातला ‘सांबाल’ करणाऱ्या बायकाही याच कारणाने दगड सोडीत नाहीत, असे आम्हांस वाटते.

अख्खी मिरची तळताना तिला एक चीर द्यावी, नाही तर आतल्या वाफेने ती फुटून तेल अंगावर उडते. परतताना ठसका लागतो तो वाफेबरोबर उडणाऱ्या कॅप्सायसिनचा. आच मंद ठेवून वर झाकण टाकावे. आणि मिरच्या चिरून हातांची आग झाली तर नुसत्या पाण्याने धूत बसू नये. प्रथम गोडे तेल चोळावे, मग साबण लावावा, आणि तोवर डोळ्यांस हात लावू नये.