छातीतले यंत्र श्वास मोजते तेव्हा

हृदयाचा पंप कमजोर झाला की मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुफ्फुसांवर येतो आणि तिथल्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते. ओलसर फुफ्फुसे ताठर होतात. मग खोल श्वास जड जातो आणि माणूस उथळ, भराभर श्वास घेऊ लागतो. ‘दोन पावले चाललो की धाप लागते’, ‘रात्री उशी उंच लागते’ असे सांगत रुग्ण दवाखान्यात येतो, तोवर दुखणे बरेच पुढे गेलेले असते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना बसवलेली काही यंत्रे हा बदल त्याआधीच टिपतात.

ही यंत्रे मुळात वेगळ्या कामाची. पेसमेकर मंद ठोके सावरतो, आयसीडी जीवघेणी लय शॉक देऊन मोडते, तर सीआरटी हृदयाच्या खालच्या दोन्ही कप्प्यांचे आकुंचन एका वेळी घडवते. गळ्याच्या हाडाखाली कातडीखाली ठेवलेली डबी आणि हृदयात पोचलेली तार यांच्या मधल्या वाटेवर फुफ्फुस येते. या वाटेने विजेचे अगदी क्षीण स्पंद सोडले जातात. रुग्णाला ते जाणवतही नाहीत. हवा विजेला अडवते, पाणी वाट देते. त्यामुळे श्वास आत घेतला की विद्युतरोध वाढतो आणि सोडला की उतरतो. हे चढउतार मोजून श्वासाची गती कळते, खोलीचाही अंदाज येतो. रोधाची रोजची पातळीच घसरत चालली, तर छातीत पाणी साचत असल्याचा संशय घ्यायचा. कडक उन्हाळ्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीर कोरडे पडले, तर हाच आलेख उलट वर चढू शकतो.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ रुग्णांच्या अभ्यासात, लक्षणे जाणवण्याच्या सरासरी १५ दिवस आधीच रोध घसरू लागल्याचे दिसले. पुढे २०१७ च्या ‘मल्टिसेन्स’ अभ्यासात ९०० रुग्णांच्या नोंदींवरून श्वासाची गती, रोध, हृदयध्वनी, रात्रीचे ठोके आणि हालचाल यांचा एकत्र निर्देशांक तयार करून तपासला गेला. हृदयविकार बळावण्याच्या सुमारे ७० टक्के घटना त्याने आधी ओळखल्या. इशारा आणि घटना यांतले मध्यक अंतर ३४ दिवसांचे होते.

मात्र इशारा मिळाला म्हणून रुग्ण वाचलाच असे नाही. २०११ च्या ‘डॉट-एचएफ’ चाचणीत ३३५ रुग्ण होते. त्यांतल्या एका गटात रोध घसरला की यंत्र रुग्णाला ऐकू येईल असा आवाज करी. त्या गटात दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या आणि भरती होण्याचे प्रमाणही कमी होण्याऐवजी वाढले. श्वास तापाने, न्यूमोनियाने, रक्तक्षयानेही वाढतो. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात काढलेल्या बाईची फुफ्फुसे वेगळ्याच कारणाने थकलेली असू शकतात. एकाच आकड्यावर विसंबण्यापेक्षा अनेक खुणा एकत्र वाचणे आणि आलेख आधी डॉक्टरच्या नजरेखालून जाणे, हेच शहाणपणाचे.

रात्रीचा श्वास ही आणखी एक बाजू. श्वास हळूहळू मोठा होतो, मग बारीक होत काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये वर्णन केलेली ही लय हार्ट फेल्युअरमध्ये आढळते. रक्त सावकाश फिरत असल्याने फुफ्फुसांतली बातमी मेंदूला उशिरा कळते आणि त्याचा हिशेब सतत चुकत राहतो. काही यंत्रे झोपेतल्या अशा खंडांचीही नोंद ठेवतात.

नांदेड-लातूरकडे या नोंदी घरूनच डॉक्टरांकडे पाठवण्याच्या सोयीचे मोल अंतरामुळे वाढते. यंत्र बसवायला नांदेडचे बरेच रुग्ण पावणेतीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद गाठतात, लातूरचे सोलापूर किंवा पुण्याला जातात. दर तपासणीला एवढा प्रवास करणे देगलूर-निलंग्याच्या शेतकऱ्याला परवडत नाही. पलंगाशेजारी ठेवलेले छोटे उपकरण रात्री छातीतल्या यंत्राकडून नोंदी घेते आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवते. पण किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात नेटवर्कची खात्री नसते. मे महिन्यात रुग्ण गच्चीवर झोपायला गेला आणि उपकरण खालच्या खोलीत राहिले, तर नोंद यंत्रातच साठते, इशारा उशिरा पोचतो.

दुसरी अडचण तातडीच्या वेळची. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमरने, म्हणजे यंत्र वाचणाऱ्या उपकरणाने, वाचता येत नाही. दम लागलेला रुग्ण नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत रात्री पोचला, तर डॉक्टरांच्या हाती आधी एक्स-रे, ईसीजी आणि स्टेथोस्कोपच असतो. यंत्राचे नाव, मॉडेल आणि कंपनी लिहिलेले कार्ड अशा वेळी घरच्या फाइलमध्ये नव्हे, खिशात हवे.

प्रत्येक यंत्रात श्वास आणि रोध मोजण्याची सोय असतेच असे नाही. असली तरी ती चालू आहे का, हे बसवतानाच विचारून घ्यावे लागते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांच्यासाठी घरच्यांनी रुग्ण झोपेत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजणे आणि रोज सकाळी वजन लिहून ठेवणे हा मार्ग आहे. तीन दिवसांत वजन दोन किलोपेक्षा जास्त वाढले किंवा झोपेतला श्वास नेहमीपेक्षा सतत जलद दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.