गाडी तापते, पण कधी? : जुन्या ओम्नी कॅम्परचं इंजिन

आजचा विषय जरा हात काळे करणारा आहे. जुनी ओम्नी घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, तिथे प्लायची कॉट टाकायची आणि निघायचं, ही हौस आपल्याकडे बरीच वाढली आहे. चांगलीच हौस आहे. पण ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे नव्यातली नवी ओम्नीसुद्धा आता जुनीच. तिचं तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली बसलेलं असतं. त्यावर आपण कॉट, शेगडी, जादा बॅटरी आणि पाण्याची टाकी लादतो. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन, हे टाकी घेताना कुणी मोजत नाही. आणि मग ताम्हिणीच्या चढावर काटा वर जातो.

गॅरेजमध्ये गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘काय बदलू?’ माझं म्हणणं असं की आधी दुसराच प्रश्न विचारा : गाडी तापते कधी? त्याचं उत्तर नीट मिळालं तर निम्मा तपास तिथेच होतो.

समजा, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की थंड होते. इथे संशय फॅनवर. पळत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, उभ्या गाडीत तो फॅनने ओढावा लागतो. गाडी उभ्या जागी चालू ठेवा. काटा निम्म्याच्या वर गेला तरी फॅन फिरत नसेल तर गाडी बंद करा, फॅनचा प्लग काढा आणि दोन वायरींनी त्याला थेट बॅटरीवरून करंट द्या. फिरला तर मोटर ठीक आहे. फ्यूज, रिले किंवा तापमानाचा स्विच बघा. नाही फिरला तर मोटर गेली.

आता उलटं बघा. गावात ठीक, पण घाटात किंवा वेगात तापते. इथे फॅनचा फारसा संबंध नाही. इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाहीये. बाहेरून पात्यांत चिखल असेल, समोर हौसेने लावलेल्या गार्डने आणि दिव्यांनी वारा अडवला असेल. नाहीतर आतून नळ्या बुजल्या असतील. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाडीत हेच होतं. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच थर इथेही बसतो.

तिसरी तऱ्हा : सकाळी सुरू केली आणि दहा मिनिटांत काटा वर. आधी पाण्याची पातळी बघा. ती बरोबर असेल आणि इंजिन तापूनही रेडिएटरकडे जाणारा वरचा होज गारच राहत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा आत हवा अडकलीय. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवून बघता येतो. तो किती अंशांना उघडायला हवा तो आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडचा एक लाडका उपाय आहे : ‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू, कटकट नको.’ कृपा करून नको. इंजिनाला ठरावीक तापमान लागतं. ते गाठायला उशीर झाला की पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय मूळ दोष रेडिएटरचा असेल तर तो काही महिने झाकला जातो, मग भर उन्हाळ्यात वर येतो.

झाकणाकडेही कुणी बघत नाही. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण समजा. त्यावर ०.९ असा आकडा असेल तर आतला दाब तेवढा वाढतो आणि नुसतं पाणीही साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट घातलं की ही मर्यादा आणखी वर जाते, गंजही धरत नाही. पण झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. चढ चढून दमलेल्या इंजिनाला हे पुरत नाही. झाकण स्वस्त मिळतं, शंका आली तर बदलून टाका.

बाहेर कुठे गळती नाही आणि तरी पाणी कमी होतंय? मग हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढून गाडी सुरू करा. बुडबुडे येतच राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, तर ती गाडी सहलीला न्यायची नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं आणि खर्च कुठच्या कुठे जातो.

आणि घाटात तापलीच तर? बाजूला घ्या, इंजिन बंद करा, किमान अर्धा तास वाट बघा. ओम्नीत सीट लगेच उचलू नका. होज फुटला असेल तर वाफ थेट तोंडावर येईल. झाकण तर गरम असताना उघडायचंच नाही. तापल्या इंजिनावर गार पाणीही मारू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

श्रोत्यांपैकी एकांनी विचारलंय : ‘काटा वर गेला आणि आपोआप खाली आला, म्हणजे बरं झालं ना?’ नाही! पाणी इतकं कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर राहिला, तर तो गरम पाणी मोजतच नाही आणि काटा खाली येतो. अशा वेळी सीटखालची धग जास्त खरं सांगते. लगेच थांबा आणि गार झाल्यावर पाणी बघा.