चिखलावर पहिला हक्क विलोचा

ब्रिस्टलच्या दक्षिणेला मेंडिपच्या टेकड्या ओलांडल्या की सॉमरसेटचा पाणथळ सखल प्रदेश लागतो. इथलं पीट, म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर, आधी जळणासाठी आणि पुढे बागकामासाठी खणलं गेलं. विसाव्या शतकात त्या कामाला यंत्रं लागली. खणणारे निघून गेल्यावर उघड्या, ओल्या जमिनीवर जे रान माजतं, त्यात करडा विलो पुढे असतो. आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचाच हा भाऊबंद. अशा दलदली रानाला इंग्रजीत ‘कार’ म्हणतात. मोटारीशी संबंध नाही, शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला आहे. बोरूची बेटं गिळणारं झुडूप म्हणून पक्षिप्रेमींचा विलोवर राग असतो. राग समजण्यासारखा आहे, पण तो उतरवायला कोयता हाती घेणं चुकीचं आहे.

विलोचं बी म्हणजे कापसाची एक म्हातारी. उन्हाळ्याच्या तोंडाला ती सुटते, आणि आत पिठूळ शिधा जवळपास नसल्याने काही दिवसांतच, फार तर काही आठवड्यांत, तिला रुजावं लागतं. त्यासाठी उघडा, ओला चिखल हवा. दाट बोरूत उजेड मिळत नाही, उभ्या पाण्यात कोवळं रोप बुडून मरतं. म्हणून विलोची दाटी झाली असेल तर तिथे आधी जमीन उघडी पडली किंवा पाणी उतरलं, असा निष्कर्ष काढता येतो. एकदा जम बसला की मात्र हे झाड चिवट. खोड आडवं झालं, फांदी चिखलाला टेकली, की तिथेच मुळं फुटतात.

आणि छाटलं तर? सॉमरसेटचे विलो पिकवणारे शेतकरी नेमकं तेच करत आले. दर हिवाळ्यात झुडूप बुडापासून कापायचं, म्हणजे पुढच्या वर्षी टोपल्यांसाठी सरळ, लांब फोकांचं पीक. आपल्या बुरुडाला जसा बांबू, तसा तिकडच्या टोपलीकाराला विलो. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात विलोच्या वाणांचा मोठा संग्रह होता. 2003 मध्ये केंद्र बंद झालं. थोडक्यात, नुसती कापणी म्हणजे विलोची शेतीच.

यावर आक्षेप येतो की, विलो वाढू दिला तर बिटर्न जाईल. खरंच, बगळ्याच्या कुळातल्या या पक्ष्याला बोरूच हवा, आणि 1997 मध्ये ब्रिटनभर त्याचे साद घालणारे अवघे 11 नर उरले होते. पण सॉमरसेटमध्ये तो परतला तो हॅम वॉलसारख्या पीटच्या जुन्या खाणींत बांध घालून, पाण्याची पातळी हाती घेऊन बोरू लावल्यावर. तिथे झुडपं काढावी लागतात, पण पाणी धरून ठेवल्यामुळे त्या कामाचा उपयोग होतो. झाडं पाणी शोषून पीट सुकवतात, हाही मुद्दा खरा; तरी आधी चर खणून ते पाणी काढलं कुणी, हे विसरता येत नाही. शिवाय विलो टिट हा चिमुकला पक्षी ओल्या रानातल्या मऊ, कुजक्या खोडात घरटं कोरतो, आणि ब्रिटनमधली त्याची संख्या 1970 पासून नव्वद टक्क्यांहून जास्त घटली आहे. सगळीकडे बोरू लावत सुटलो तर त्याने जायचं कुठे?

ब्रिस्टलला पाणी पुरवणाऱ्या, 1956 मध्ये सुरू झालेल्या च्यू व्हॅली तलावाकाठीही बोरू आणि विलो शेजारी आहेत. अशा जलाशयात एखाद्या वर्षी बी उडायच्या सुमारास पाणी खाली गेलं, की उघड्या गाळावर रोपांची एकसारखी रांग उठते. पुढे ती टिकली, तर त्या वर्षीच्या पाण्याची रेघ झाडांनी आखून ठेवलेली दिसते.