आर भाषेत अनेक स्प्रेडशीट फाइलींचे एकत्रित वाचन

एकाच नमुन्यातील अनेक स्प्रेडशीट फाइली आर या सांख्यिकी संगणकभाषेत लूपच्या साहाय्याने क्रमाने वाचून त्यांची एक सलग सारणी तयार करणे, ही विदा-विश्लेषणातील एक प्राथमिक क्रिया आहे. आर भाषेची निर्मिती रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात केली, तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली.

भारताच्या २०११ च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा हे याचे सोयीचे उदाहरण होय. तो जिल्हावार एक्सेल फाइलींत उपलब्ध आहे. त्या वेळी महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते (पालघर २०१४ मध्ये झाला). पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळ हे गाव पुणे जिल्ह्याच्या फाइलीत भोर तालुक्याखाली येते. शेजारच्या, तेव्हा वेल्हे नाव असलेल्या तालुक्यातील गावेही त्याच फाइलीत आहेत. राज्यातील सर्व गावांची तुलना करायची तर सर्व जिल्ह्यांच्या फाइली जोडाव्या लागतात.

'लिस्ट.फाइल्स' हे फंक्शन फोल्डरमधील फाइलींची यादी देते, तसा पर्याय दिल्यास मार्गासह. फाइल एक्सेलमध्ये उघडी असल्यास त्याच नावाची, आरंभी विशेष चिन्हे असलेली एक तात्पुरती फाइलही यादीत येते व वाचन तेथेच थांबते. ती आधी गाळावी. त्यानंतर लूपच्या प्रत्येक फेरीत 'रीडएक्सएल' पॅकेजातील 'रीड_एक्सेल' एक फाइल वाचते. वाचलेली सारणी यादीतील आपापल्या जागी ठेवून सर्व सारण्या शेवटी एकदाच जोडणे इष्ट. प्रत्येक फेरीत जोडत गेल्यास तोवरच्या संपूर्ण सारणीची नवी प्रत होते आणि काम मंदावते. जोडण्यापूर्वी प्रत्येक सारणीत मूळ फाइलीच्या नावाचा स्तंभ घालतात. हा स्तंभ अनावश्यक वाटतो खरा, परंतु चुकीची ओळ कोठून आली हे त्याविना शोधणे जिकिरीचे ठरते.

संकेतांक मजकूर म्हणूनच वाचावेत. महाराष्ट्रातील तालुक्यांचे पाच अंकी संकेतांक शून्याने सुरू होतात. ते संख्या म्हणून वाचल्यास शून्य गळते आणि दुसऱ्या सारणीशी जुळणी होत नाही. नावांवरून जुळणी करणे त्याहून धोक्याचे. एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत असतात, शिवाय नावे बदलतात. या फाइलींत औरंगाबाद व उस्मानाबाद आहेत, तर २०२३ नंतरच्या शासकीय सारण्यांत छत्रपती संभाजीनगर व धाराशिव.

सर्वांत मोठी चूक मात्र संगणक दाखवत नाही. या सारण्यांत जिल्हा, तालुका व गाव या सर्व स्तरांच्या ओळी एकाखाली एक असतात. जिल्हा व तालुक्यांना 'एकूण', 'ग्रामीण' आणि 'नागरी' अशा स्वतंत्र ओळीही असतात. लोकसंख्येच्या स्तंभाची सरसकट बेरीज केल्यास तीच माणसे अनेकदा मोजली जातात. म्हणून स्तर निवडून मगच बेरीज करावी. पुणे जिल्ह्याच्या 'एकूण' ओळीत ९४,२९,४०८ हा आकडा यावयास हवा आणि ३५ जिल्ह्यांच्या अशा ओळींची बेरीज ११,२३,७४,३३३ भरावयास हवी. ती कमी भरल्यास एखादी फाइल वगळली गेली आहे का, हे फाइलनावाच्या स्तंभावरून तपासता येते.